रूझवेल्ट आणि बांधावरचे झाड

फ्रँकलिन डिलानो रूझवेल्ट हे नाव उच्चारताच सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढे दोन चित्रे उभी राहतात. महामंदीच्या गर्तेतून अमेरिकेला 'न्यू डील'च्या आधाराने वर काढू पाहणाऱ्या अध्यक्षाचे एक, आणि याल्टा येथे चर्चिल व स्टालिन यांच्यामध्ये बसलेल्या थकलेल्या युद्धनेत्याचे दुसरे. त्यांचे तिसरेही एक चित्र आहे. ते फारसे छापले जात नाही. मतदार म्हणून नाव नोंदविताना व्यवसायाच्या रकान्यात या गृहस्थांनी वकील असे लिहिले नाही, की राजकारणी असेही लिहिले नाही. आपण झाडे वाढविण्याचा व्यवसाय करतो, अशी नोंद त्यांनी केली. त्यात थोडी थट्टा असेल. पण खोटेपणा नव्हता. हाइड पार्क येथील आपल्या वडिलोपार्जित जमिनीवर त्यांनी आयुष्यभरात पाच लाखांहून अधिक झाडे लावली.

एखाद्या राष्ट्राध्यक्षाला झाडांचा छंद असावा, ही गोष्ट कौतुकाची असली तरी अग्रलेखाच्या पानावर येण्याजोगी खचितच नव्हे. रूझवेल्ट यांचे वेगळेपण असे की, या छंदातून त्यांनी सार्वजनिक अर्थकारणातला एक अवघड प्रश्न उभा केला आणि तो देशापुढे मांडला. शेतकऱ्याने स्वतःच्या मालकीच्या शेतात झाड लावावे आणि त्याचा खर्च सरकारी तिजोरीने सोसावा, हे न्याय्य आहे काय? न्याय्य असेल तर किती खर्च सोसावा, कोणत्या अटींवर सोसावा, आणि पुढे त्या झाडाचे काय करायचे हे कोणी ठरवावे? हा प्रश्न आजही निकालात निघालेला नाही. म्हणूनच या माणसाच्या आयुष्याकडे या एका बाजूने पाहणे उद्बोधक ठरावे.

हडसनकाठचा वारसा

रूझवेल्ट यांचा जन्म ३० जानेवारी १८८२ रोजी न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीकाठच्या हाइड पार्क येथे झाला. घराणे सधन, आईवडिलांचे हे एकुलते एक अपत्य. वडील जेम्स रूझवेल्ट हे जुन्या वळणाचे जमीनदार. मुलाला घोड्यावर बसवून मळ्यातून हिंडविणारे आणि उभे झाड विनाकारण तोडू न देणारे. पुढे हार्वर्डचे शिक्षण, कोलंबियातील कायद्याचा अभ्यास, १९०५ साली दूरच्या नात्यातील एलिनॉर यांच्याशी विवाह, अशी त्या वर्गातील तरुणाची नेहमीची वाट त्यांनी चोखाळली. १९१० साली ते न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटवर निवडून आले आणि तेथे त्यांच्याकडे वन, मत्स्य व शिकार या विषयाच्या समितीचे अध्यक्षपद आले. नवख्या सभासदाला मिळणारी ही कमी महत्त्वाची समिती. पण याच समितीने त्यांच्या पुढच्या विचाराला वळण दिले.

समितीच्या कामाला पाठबळ मिळावे म्हणून त्यांनी अमेरिकेच्या वनखात्याचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंशो यांना राज्याची राजधानी ॲल्बनी येथे व्याख्यानाला बोलावले. पिंशो यांनी पडद्यावर दोन चित्रे दाखविली. पहिले उत्तर चीनमधील एका खोऱ्याचे शेकडो वर्षांपूर्वीचे रंगचित्र होते. डोंगरावर दाट झाडी, खाली वाहती नदी आणि भरलेली वस्ती. दुसरे त्याच जागेचे अलीकडचे छायाचित्र होते. उघडे डोंगर, दगडगोट्यांनी भरलेले नदीपात्र आणि ओसाड गाव. या दोन चित्रांचा ठसा रूझवेल्ट यांच्या मनावरून कधीच पुसला गेला नाही. उत्तरायुष्यातही ते ही आठवण सांगत असत. खाजगी जमिनीवरील वृक्षतोडीवर सरकारने काही मर्यादा घालावी, असा प्रयत्न त्यांनी त्या काळी विधिमंडळात करून पाहिला. लाकूड व्यापाऱ्यांचा विरोध झाला आणि तो भाग टिकला नाही. मालकाला नुसती बंदी घालून झाड वाचत नाही, हा धडा त्यांना वयाच्या तिशीतच मिळाला.

दुसरा धडा घरच्याच जमिनीने दिला. हाइड पार्कची काही शेते पिढ्यान्पिढ्या कसली जाऊन निकस झाली होती. पूर्वजांच्या काळी जेथे मक्याचे भरघोस पीक येई, तेथे आता उत्पन्न निम्म्यावर आले होते. अशा जमिनीत त्यांनी १९१२ च्या आसपास रोपे लावण्यास प्रारंभ केला. पुढे सिरॅक्यूस येथील वनशास्त्राच्या महाविद्यालयाच्या साहाय्याने तेथे प्रायोगिक लागवडी झाल्या. नाताळसाठी लागणारी झाडे वाढवून ती विकण्याचा किफायतशीर धंदाही त्यांनी केला. झाड हे केवळ शोभेचे वा पुण्याचे साधन नसून ते सावकाश येणारे पीक आहे, ही त्यांची दृष्टी या अनुभवातून तयार झाली.

आजार आणि गव्हर्नरपद

१९१३ ते १९२० या काळात ते नौदलाचे साहाय्यक सचिव होते. १९२० साली उपाध्यक्षपदाची निवडणूक हरले. १९२१ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, त्यांना पोलिओने गाठले आणि कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. उपचारासाठी ते जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज येथील उष्ण झऱ्यांवर जाऊ लागले. हा परिसर कापसाच्या एकसुरी शेतीने खंगलेला होता. हाताने चालविता येईल अशी मोटार स्वतःसाठी तयार करवून घेऊन ते त्या भागातल्या कच्च्या रस्त्यांवरून हिंडत, शेतकऱ्यांच्या कुंपणापाशी थांबून बोलत. उत्तरेतील सुखवस्तू माणसाला दक्षिणेतील शेतकऱ्याचे कर्ज, धूप झालेली जमीन आणि पडलेले भाव यांची ओळख तेथे पटली. तेथेही त्यांनी जमीन घेतली आणि कापूस न पेरता तीत पाइनची झाडे वाढविली, गुरे पाळली.

१९२८ च्या निवडणुकीत ते न्यूयॉर्कचे गव्हर्नर झाले. त्या राज्यात हजारो शेतकरी नापीक शेते टाकून शहराकडे जात होते. ही सुमारे दहा लाख एकर पडीक शेतजमीन सरकारने विकत घेऊन तीवर वने उभी करावीत, अशी घटनादुरुस्ती १९३१ साली मतदारांपुढे आली. रूझवेल्ट यांनी तिचा हिरिरीने पुरस्कार केला. त्यांचेच पूर्वाधिकारी व पूर्वीचे स्नेही ॲल स्मिथ यांनी तिला विरोध केला. तरीही मतदारांनी ती मंजूर केली. पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारताना, वनलागवडीच्या कामावर दहा लाख बेकारांना रोजगार देता येईल, असे त्यांनी सांगितले. हूव्हर यांच्या मंत्रिमंडळातील कृषिमंत्र्यांनी या कल्पनेची यथेच्छ खिल्ली उडविली. झाडे लावून का कोठे मंदी हटते, असा शहाण्यांचा एकंदर सूर होता.

४ मार्च १९३३ रोजी रूझवेल्ट अध्यक्ष झाले आणि महिना उलटण्यापूर्वी, ३१ मार्च रोजी, बेकार तरुणांच्या संवर्धन दलाचा कायदा संमत झाला. महिना ३० डॉलर वेतन, त्यांपैकी साधारणपणे २५ डॉलर परभारे घरी, राहणे-जेवण छावणीत. १९४२ पर्यंत सुमारे तीस लाख तरुण या दलातून गेले आणि सुमारे तीनशे कोटी झाडे लागली. ही झाडे मात्र मुख्यतः सरकारी वा सार्वजनिक जमिनीवरची होती. खरी कसोटी खाजगी शेतीच्या जमिनीवर लागायची होती.

धुळीचे ढग

अमेरिकेच्या मध्यभागी उत्तरेस कॅनडाच्या सीमेपासून दक्षिणेस टेक्ससपर्यंत सपाट गवताळ प्रदेश पसरलेला आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हाला आलेला भाव आणि त्यानंतर आलेले ट्रॅक्टर यांनी तेथील गवताची हजारो वर्षांची वीण उसवली. पुढे भाव कोसळले, आणि भाव कोसळला म्हणून तूट भरून काढण्यासाठी शेतकऱ्याने आणखी जमीन नांगरली. एका शेतकऱ्याच्या दृष्टीने जे शहाणपणाचे, तेच सर्वांनी मिळून केले की सर्वनाशाचे कसे ठरते, याचे याहून बोलके उदाहरण अर्थशास्त्रात क्वचितच मिळेल. १९३० नंतर अवर्षण आले आणि उघडी पडलेली माती वाऱ्यावर उडू लागली. १९३४ च्या मे महिन्यात हे धुळीचे ढग दीडदोन हजार मैल ओलांडून न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवर येऊन पोचले. जी माती आजवर दूरच्या राज्यांतल्या शेतकऱ्याचे दुर्दैव होती, ती कायदे करणाऱ्यांच्या मेजावर येऊन बसली.

झाडे लावून या प्रदेशाचा कायापालट करण्याची कल्पना तशी नवी नव्हती. १८७३ साली अमेरिकन काँग्रेसने एक कायदा केला होता. ४० एकरांवर झाडे लावून ती जोपासणाऱ्यास १६० एकर सरकारी जमीन बहाल करावी, अशी त्याची योजना होती. पुढे १८७८ साली ४० एकरांची अट १० वर आणण्यात आली. पण येथे झाड हे साध्य नव्हते, जमीन मिळविण्याचे साधन होते. सट्टेबाजांनी आणि गुरांच्या मोठ्या मालकांनी खोटे दावे करून जमिनी अडकवून ठेवल्या, झाडे कागदावर वाढली, आणि १८९१ साली कायदा रद्द करावा लागला. बक्षीस मोठे आणि तपासणी दुबळी असली म्हणजे सरकारी उत्तेजनाचे काय होते, याचा तो नमुना होय.

रूझवेल्ट यांच्या मनातील पहिली कल्पना भव्य होती. प्रदेशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वनांचे अखंड रुंद पट्टे उभे करावेत, असे त्यांना वाटे. वनखात्याने ती तपासून जमिनीवर आणली. फर्डिनंड सिल्कॉक्स हे त्या वेळी खात्याचे प्रमुख, आणि राफाएल झोन हे संशोधनाच्या बाजूचे जाणते वनशास्त्रज्ञ. सुमारे १०० मैल रुंद आणि हजार मैलांहून लांब अशा प्रदेशात अखंड वन नव्हे, तर शेताशेताच्या कडेने अरुंद वृक्षपट्टे उभारावेत, अशी योजना ठरली. उत्तर डाकोटा, दक्षिण डाकोटा, नेब्रास्का, कॅन्सस, ओक्लाहोमा आणि टेक्सस ही सहा राज्ये तीत आली. झाडांमुळे पाऊस पडेल, असा समज लोकांत आणि वृत्तपत्रांत पसरला होता. योजनेचे सामर्थ्य मात्र पावसात नव्हते, वाऱ्याला अडविण्यात होते. वृक्षपट्टा वाऱ्याचा वेग तोडतो. त्याचा परिणाम झाडाच्या उंचीच्या सुमारे वीस पटींपर्यंत कमीअधिक प्रमाणात जाणवतो. माती जागेवर राहते, ओलावा टिकतो, हिवाळ्यातील बर्फ शेतातच साचून राहतो आणि घरागोठ्याला आडोसा मिळतो.

तिजोरीचा पहारेकरी

११ जुलै १९३४ रोजी रूझवेल्ट यांनी एका आदेशान्वये दुष्काळनिवारणाच्या निधीतून दीड कोटी डॉलर या कामासाठी काढून ठेवले. आदेशावरची शाई वाळते न वाळते तोच सरकारी खर्चाचे महालेखापाल जॉन मॅकार्ल यांनी आक्षेप घेतला. दुष्काळनिवारण म्हणजे तातडीची मदत. ज्या झाडाचा लाभ दहा वर्षांनी मिळायचा त्याला तातडीची मदत कसे म्हणावे? आक्षेप नियमाला धरून होता, आणि मॅकार्ल यांनी फक्त दहा लाख डॉलर मोकळे केले. दुष्काळाने झालेले नुकसान भरून देणे ही मदत, पण पुढचा दुष्काळ सौम्य व्हावा म्हणून केलेला खर्च ही चैन, असे हिशेबाच्या वह्यांचे तर्कशास्त्र असते. ते केवळ अमेरिकेत चालते असे नाही.

विरोध तेवढ्यावर थांबला नाही. अमेरिकन वनशास्त्रज्ञांच्या व्यावसायिक संघटनेचे अध्यक्ष एच. एच. चॅपमन यांनीच योजनेवर टीका केली. जेथे निसर्गाने झाड दिले नाही तेथे माणसाने ते जगवू नये, असा टीकाकारांचा रोख होता. वृत्तपत्रांनी ही अध्यक्षांची लहर ठरविली. काँग्रेसने योजनेसाठी स्वतंत्र निधी देण्याचे नाकारले. शेवटी बेकारांना काम देण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेच्या मजुरीच्या पैशातून हे काम वर्षानुवर्षे रेटावे लागले. १९३७ साली नॉरिस-डॉक्सी कायद्याने शेतीवरील वृक्षलागवडीस सरकारी सहकार्याची वैधानिक बैठक दिली. पैसा मात्र हात राखूनच दिला.

अशाही स्थितीत १८ मार्च १९३५ रोजी ओक्लाहोमा राज्यातील मँगम या गावाजवळ, एका शेतकऱ्याच्या शेतात, पहिले झाड लागले. ते ऑस्ट्रियन पाइनचे होते. पॉल रॉबर्ट्स या वनाधिकाऱ्याकडे प्रत्यक्ष कामाची धुरा होती. त्यानंतर महिन्याभरातच, १४ एप्रिल रोजी, त्या दशकातील सर्वांत भयंकर धुळीचे वादळ त्याच प्रदेशावर कोसळले. भर दिवसा काळोख पसरला. थट्टा करणाऱ्यांचा आवाज त्यानंतर थोडा उतरला.

कराराचे शहाणपण

योजनेचा खरा अभ्यासविषय आहे तो शेतकऱ्याशी झालेल्या कराराचा. आरंभी सरकारने जमीन भाड्याने वा विकत घ्यावी, असा विचार होता. पैशाची चणचण पडली म्हणून तो मागे पडला, आणि ही चणचण एका परीने पथ्यावरच पडली. जमीन शेतकऱ्याचीच राहिली. तिची मशागत करून देणे, कुंपण घालणे आणि पहिली काही वर्षे ओळींमधले तण काढणे ही जबाबदारी हळूहळू त्याच्याकडे आली. रोपे, तज्ज्ञांचा सल्ला आणि लागवडीची मजुरी सरकारची. उभे झाड शेतकऱ्याचे. मजुरी मिळविणारा बहुधा त्याच गावातला, पीक बुडाल्याने हात रिकामे झालेला माणूस असे. दुष्काळात मजुरी मिळाली आणि तिच्या मोबदल्यात पुढच्या पिढीला आडोसा मिळाला.

रोपांची निवडही विचाराने झाली. बियाणे त्याच प्रदेशातील काटक झाडांवरून गोळा करण्यात आले. पट्ट्याच्या मध्यभागी कॉटनवुड, एल्म यांसारखी उंच वाढणारी झाडे, त्यांच्या बाजूस ॲश, हॅकबेरी, पाइन, रेड सीडर, आणि बाहेरच्या ओळींत रानप्लमसारखी झुडपे. दुरून पाहता छपराच्या उतारासारखा आकार दिसे आणि वारा त्यावरून वर चढून जाई. सुरुवातीच्या पट्ट्यांत वीसच्या घरात ओळी असत. शेतकऱ्याला एवढी जमीन सोडवेना, तेव्हा ओळी कमी केल्या गेल्या. झाडाच्या मुळांनी शेजारचा ओलावा ओढला जातो, कडेच्या पिकावर सावली पडते, ही त्याची तक्रार खरी होती आणि अधिकाऱ्यांनी ती खोटी ठरविण्याचा हट्ट धरला नाही.

एक दोष मात्र करारात राहिला. या प्रदेशातील शेतीचा मोठा भाग कुळे कसत होती. ज्याला पुढच्या वर्षी याच शेतात आपण असू की नाही याची शाश्वती नाही, त्याने दहा वर्षांनी उपयोगी पडणारे झाड कशासाठी जोपासावे? झाड लावण्याचा प्रश्न शेवटी जमिनीच्या हक्कापाशी येऊन ठेपतो.

जमाखर्च

१९४२ साली योजना मृदसंधारण खात्याकडे सोपविण्यात आली आणि युद्धामुळे मजूर दुर्मिळ होताच ती आटोपली. तोवर सुमारे ३०,००० शेतांवर मिळून २२ कोटींच्या आसपास झाडे लागली होती. पट्ट्यांची एकत्रित लांबी १८,६०० मैल, म्हणजे जवळजवळ ३०,००० किलोमीटर भरली. खर्च सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर झाला. १९३४ साली महालेखापालांनी जो दीड कोटींचा आकडा अडविला होता, त्याच्या आतच सगळे काम उरकले. पुढे झालेल्या पाहण्यांत, टीकाकारांनी जी झाडे जगणार नाहीत म्हणून सांगितले होते त्यांतील बरीच मोठी संख्या जगून वाढल्याचे दिसून आले.

श्रेय देताना हात आखडता घेण्याचे कारण नाही. पण ते वाजवीपेक्षा अधिकही देऊ नये. धुळीचा कहर सर्वांत मोठा झाला तो प्रदेश बहुतांशी या पट्ट्यांच्या पश्चिमेला होता. तेथे झाड जगण्याइतका पाऊसच नव्हता. धूळ बसली ती प्रामुख्याने पाऊस परतल्यामुळे, आणि ह्यू बेनेट यांच्या मृदसंधारण खात्याने नांगरणीच्या पद्धती बदलविल्यामुळे. शिवाय लावलेल्या जातींपैकी रेड सीडर पुढे गवताळ कुरणांत फैलावली आणि तिला आवरणे हे आज त्या राज्यांपुढचे कष्टाचे काम होऊन बसले आहे. रूझवेल्ट यांची एकूण कारकीर्दही निष्कलंक नव्हती. जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना १९४२ नंतर छावण्यांत डांबण्याचा आदेश त्यांच्याच सहीने निघाला होता. झाडांची सावली त्या कृत्यावर घालता येणार नाही.

१२ एप्रिल १९४५ रोजी वॉर्म स्प्रिंग्ज येथे, महायुद्ध संपण्यास काही महिने उरले असताना, रूझवेल्ट यांचे निधन झाले. हाइड पार्कच्या घराजवळील गुलाबाच्या बागेत त्यांना विसावा मिळाला. भोवती त्यांनीच लावलेली झाडे होती.

शेतांतल्या झाडांची कथा मात्र पुढे चालू राहिली. १९७० नंतरच्या दशकात धान्याचे भाव चढले. त्याच सुमारास मध्यबिंदूभोवती गोल फिरत पाणी शिंपणारी प्रचंड यंत्रे आली. त्या यंत्राच्या लांबलचक बाहूला वृक्षपट्टा आडवा येऊ लागला आणि शेतकऱ्यांनी बुलडोझर लावले. झाड त्यांचे होते. ते राखण्याचे बंधन करारात नव्हते, राखल्याबद्दल काही मोबदलाही नव्हता. १९७५ साली या वृक्षतोडीबद्दल चिंता व्यक्त करणारा आणि ती रोखण्यासाठी उपाय करावेत असे सुचविणारा अहवाल वॉशिंग्टनमध्ये सादर झाला. तो सादर करणारे कार्यालय महालेखापालांचेच होते. ४१ वर्षांपूर्वी त्याच कार्यालयाने झाडांसाठी पैसा देण्यास हरकत घेतली होती. लावण्याचा खर्च डोळ्यांत भरतो आणि तोडल्याचे नुकसान उशिरा कळते, हे तिजोरीच्या पहारेकऱ्यांनाही मान्य करावे लागले.

तिसऱ्या वर्षाचे पाणी

महाराष्ट्राला ही कथा परकी वाटू नये. ज्या रोजगार हमी योजनेने लाखो हातांना काम दिले, तिच्याशी १९९० साली फळबाग लागवडीची सांगड घालण्यात आली आणि सार्वजनिक मजुरीचा पैसा खाजगी शेतात झाड उभे करण्यासाठी प्रथमच मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. मॅकार्ल यांच्या आक्षेपाला हे मराठी उत्तर होते. २०१४ साली भारत सरकारने शेतीतील वृक्षांसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. २०१८ साली राज्याने सुरू केलेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी देण्याची आणि पुढचे हप्ते जगलेल्या झाडांच्या प्रमाणाशी बांधण्याची व्यवस्था होती. खड्डा मोजून नव्हे, झाड मोजून पैसा द्यावा, हे तत्त्व त्यात मान्य झाले. १८७३ च्या अमेरिकन कायद्याला हेच साधले नव्हते.

तरीही मूळ प्रश्न शिल्लक राहतोच. शेतकऱ्याच्या बांधावरचे झाड वारा अडविते, माती धरते, शेजाऱ्याच्याही पिकाला आडोसा देते. या लाभाचा जो हिस्सा समाजाला मिळतो, त्याची किंमत बाजार शेतकऱ्याला देत नाही. ती समाजाने द्यावी, एवढाच सरकारी साहाय्याचा आधार आहे. ते दान नव्हे. मात्र साहाय्य लागवडीच्या दिवशी, छायाचित्र निघेपर्यंतच मिळाले, तर रोप दुसरा उन्हाळा पाहत नाही. आणि झाड मोठे झाल्यावर ते राखण्यात शेतकऱ्याचा काहीच फायदा उरला नाही, तर कुऱ्हाड आज ना उद्या चालतेच. तिसऱ्या वर्षीचे पाणी कोण घालणार आणि तिसाव्या वर्षी झाड कोणाच्या हिताचे असणार, या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या योजनेच्या कागदावर नाहीत, ती योजना कितीही कोटी रोपांची असली तरी अपुरीच म्हटली पाहिजे.

रूझवेल्ट यांना स्वतःच्या पायांवर उभे राहता येत नव्हते. आपण लावलेली बहुतेक झाडे पूर्ण वाढलेली आपल्याला दिसणार नाहीत, हेही ते जाणून होते. तरी त्यांनी आपल्या कारकिर्दीतील बराच राजकीय पैसा आणि लोकांची थट्टा या सावकाश येणाऱ्या पिकासाठी खर्ची घातली. चार वर्षांच्या निवडणुकीचा हिशेब करणाऱ्या लोकशाहीतही पन्नास वर्षांचे काम सुरू करता येते, हे त्यांनी दाखवून दिले. ते टिकविण्याची तजवीज मात्र त्यांना पुरती करता आली नाही. ती पुढच्यांनी करावयाची होती, आणि ती अद्यापही करावयाचीच आहे.